सोपा, अंगण आणि पाऊस : शाहूवाडीतील जुन्या बैठकसामानाच्या घरगुती दुरुस्तीची प्रस्तावना

घराबाहेरचे बैठकसामान, म्हणजे सोपा, पडवी, अंगण आणि परडे अशा उघड्या किंवा अर्ध्या उघड्या जागांत वापरली जाणारी बाकडी, बाजा, आरामखुर्च्या, झोपाळे, घडीच्या लोखंडी खुर्च्या आणि वेताबांबूची आसने, हा महाराष्ट्रातील घराच्या अभ्यासात बराचसा दुर्लक्षित राहिलेला विषय आहे. वाड्यांच्या कोरीव खांबांविषयी आणि तुळयांविषयी पुष्कळ लिहिले गेले, परंतु ज्या बाकड्यावर घरातील वडीलधारी माणसे सकाळचा चहा घेतात, ज्या बाजेवर उन्हाळ्यात डाळी-सांडगे वाळत पडतात आणि रात्री मुले झोपतात, ती वस्तू कोणत्या लाकडाची आहे, ती कोठून मोडते आणि मोडल्यावर तिचे काय करावे, याची नोंद क्वचितच कोणी ठेवली. प्रस्तुत विवेचनाचा विषय याहूनही नेमका आहे. दुसऱ्या घरात वापरून झालेले असे सामान विकत घेऊन किंवा वारशाने मिळवून कुटुंबातील माणसांनी मिळून ते पुन्हा वापरण्याजोगे कसे करावे, हा तो विषय होय. आणि त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुका समोर ठेवण्याचे कारण असे, की उघड्यावरच्या लाकडाची आणि लोखंडाची इतकी कठोर परीक्षा घेणारे हवामान जिल्ह्यात मोजक्याच ठिकाणी आढळते.

तालुक्याची पश्चिम कड सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता मलकापूर ओलांडून आंबा घाटाने कोकणात उतरतो, दक्षिणेकडे विशाळगडाचा डोंगर आहे, उत्तरेची हद्द वारणेने आखली आहे, आणि कडवी, शाळी, कासारी या नद्या याच डोंगरांतून पूर्वेकडे वाहतात. आंबा परिसरात जूनच्या मध्यापासून पुढे कित्येक आठवडे पाऊस आणि धुके यांत खंड पडत नाही, तर बांबवडे-सरूडच्या बाजूस पाऊस झपाट्याने कमी होत जातो. या एकाच तालुक्यातील दोन टोकांना सारख्याच बाकड्याचे आयुष्य वेगवेगळे ठरते. लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांहून अधिक ओलावा दीर्घकाळ राहिला की कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकते, आणि पश्चिमेकडे उघड्यावर ठेवलेले लाकूड ही मर्यादा पावसाळ्याच्या प्रारंभीच ओलांडून बसते. त्यानंतर ऑक्टोबरात कडक ऊन पडते, लाकूड आकसते, त्याला चिरा जातात, आणि पुढच्या पावसाचे पाणी त्याच चिरांतून आत शिरते. त्यामुळे कोरड्या प्रदेशांसाठी लिहिलेले दुरुस्तीचे सल्ले येथे जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत.

जुने सामान या भागात येते कोठून, हा प्रश्न स्थानिक इतिहासाशी जोडलेला आहे. १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरील शिबंदीच्या, बंडानंतर विशाळगडाचे महत्त्व ओसरले आणि तेथील जहागिरीचा कारभार मलकापुरातून चालू लागला. अशा ठाण्याच्या गावांत वाडे आले, आणि वाड्यांबरोबर झोपाळे, लांब हातांच्या आरामखुर्च्या व बैठकीची बाकडीही आली. अलीकडच्या काळात जुनी कौलारू घरे उतरवून स्लॅबची घरे बांधली जातात, महामार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेची घरे व दुकाने हलवावी लागतात, आंबा परिसरातील पर्यटकांच्या मुक्कामाच्या जागा आपले सामान बदलतात, आणि शाळा-कार्यालयांतील निर्लेखित, म्हणजे दप्तरी नोंदीतून वगळलेले, सामान लिलावात निघते. घर उतरवताना तुळया आणि दारे यांना गिऱ्हाईक सहज मिळते, मात्र अंगणातले बाकडे जळणात जाते. या ठिकाणी एक गोष्ट ठासून सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, ऐन, किंजळ, जांभूळ, फणस, आंबा, हिरडा यांसारखी झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीतील असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ज्या तालुक्याचा काही भाग चांदोली राष्ट्रीय उद्यानात मोडतो, तेथे जंगलाचे मोल वेगळे सांगावयास नको. असे असताना साठ-सत्तर वर्षे वाळलेले सागाचे किंवा जांभळाचे लाकूड चुलीत घालणे ही खरी उधळपट्टी होय, कारण त्या प्रतीचे पक्व लाकूड आज बाजारात पैसे देऊनही सहजासहजी मिळत नाही.

लाकूड ओळखणे ही दुरुस्तीची पहिली पायरी आहे आणि रंगाच्या थराखाली दडलेल्या वस्तूत ती अवघड असते. बैठकीच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूस पटाशीने नखभर खरवडले असता आतला रंग, वास आणि रेषा दिसतात: साग सोनेरी तपकिरी असतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि त्याला चामड्यासारखा वास येतो, फणस ताज्या खरवडीत पिवळा दिसतो व हवेने तपकिरी होत जातो, ऐन गडद आणि जड असतो, आंब्याचे लाकूड फिकट, हलके आणि उघड्यावर लवकर कुजणारे असते. परंतु झाडाच्या नावाइतकेच महत्त्व त्या फळीत मध्यकाष्ठ किती आणि रसकाष्ठ किती याला आहे. मध्यकाष्ठ म्हणजे खोडाच्या गाभ्याचे गडद लाकूड आणि रसकाष्ठ म्हणजे सालीलगतचे फिकट लाकूड. सागाला वाळवीपासून वाचवणारी टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये मध्यकाष्ठातच असतात, त्यामुळे सागाच्या बाकड्याचीही फिकट कड पोखरलेली आणि गाभा शाबूत, असे दृश्य वारंवार दिसते. अशी वस्तू टाकून देणे चूक आहे, कारण पोखरलेली कड रंध्याने काढून टाकल्यावर उरणारी फळी बहुधा पुरेशी जाड असते. विहिरीच्या तळाशी जांभळाचे लाकूड घालण्याची जुनी चाल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पाण्यात टिकणाऱ्या लाकडाविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

पाणी लाकडात सर्वत्र सारखे शिरत नाही. झाड जिवंत असताना मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या नलिका लाकडात उभ्या असतात, आणि फळी किंवा पाय जेथे आडवा कापलेला असतो त्या टोकाशी या नलिकांची तोंडे उघडी राहतात. म्हणून बाकड्याचा पाय जमिनीकडच्या टोकापासून कुजतो, तर आसनाची फळी दोन्ही कडांच्या टोकांशी प्रथम काळी पडते. कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत तिरका कापून, त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा तेवढ्याच तिरक्या कापाने त्याला जोडणे आणि नव्या टोकाच्या नलिका तेलाने किंवा राळेने भरून बंद करणे, हे काम घरातील धीराच्या माणसाला शिकता येते. त्यानंतर पाय थेट मातीवर न ठेवता जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर किंवा रबराच्या तुकड्यावर ठेवावा, ही सूचना सामान्य वाटली तरी आंबा-मानोलीच्या बाजूस तिच्यावर वस्तूचे निम्मे आयुष्य अवलंबून असते.

बाहेरच्या सामानाचा खरा जीव त्याच्या सांध्यांत असतो, आणि या क्षेत्रातील बहुतेक वाया गेलेली मेहनत सांधे डुगडुगत असताना वरून रंग लावण्यात जाते. पारंपरिक सुतारकामात एका लाकडाच्या टोकाला जीभ काढून, जिला कुसू म्हणतात, ती दुसऱ्या लाकडातील तंतोतंत मापाच्या खाचेत बसवली जाते आणि आडवी लाकडी खुंटी ठोकून पक्की केली जाते. जाणता कारागीर खुंटीसाठी पाडलेली दोन भोके किंचित सरकवून ठेवतो, म्हणजे खुंटी आत जाताना कुसवाला खांद्यापर्यंत ओढून घेते. अशा सांध्याला चिकटवणाऱ्या द्रव्याची फारशी गरजच नसते. जेथे ते वापरले गेले आहे तेथे जुन्या वस्तूत सरस असण्याची शक्यता अधिक. जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून काढलेला हा चिकट पदार्थ गरम पाण्याने आणि वाफेने पुन्हा मऊ होतो, त्यामुळे सांधा न फोडता उघडता येतो. १९५९ मध्ये भारतात फेविकॉल आला आणि सुताराचे काम सोपे झाले, परंतु त्या पांढऱ्या गोंदाने जुळवलेला सांधा तितक्या सहज उघडत नाही, आणि त्याचा साधा प्रकार सततच्या ओलीत टिकत नसल्याने बाहेरच्या सामानाला पाण्याला टिकणारा मरीन प्रकारच वापरावा लागतो.

सांधा कोणत्या ऋतूत जुळवावा, हा प्रश्न शाहूवाडीत विशेष महत्त्वाचा ठरतो. लाकूड ओलाव्याने लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र फुगते आणि कोरड्या हवेत पुन्हा आकसते. भर पावसाळ्यात जुळवलेला कुसू चैत्रात सैल पडतो. वैशाखात, लाकूड अगदी कोरडे असताना ठोकून बसवलेला कुसू आषाढात फुगतो, खाचेच्या भिंतींवर दाबला जाऊन चिरडतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पूर्वीपेक्षा सैल होतो. दोन्ही टोके टाळून माघ-फाल्गुनाच्या सुमारास सांधे पक्के करणे सर्वांत हिताचे, आणि सुदैवाने या दिवसांत भाताची मळणी केव्हाच आटोपलेली असल्याने पश्चिम भागातील शेतकरी कुटुंबाला थोडी उसंतही असते.

लोखंडाच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. सागासारख्या किंवा ऐनासारख्या लाकडात टॅनिन, म्हणजे कातडी कमावण्यास उपयोगी पडणारे तुरट द्रव्य असते, आणि ओलीत त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. हिरड्याच्या पाण्यात लोखंड टाकून शाई करण्याची जुनी रीत याच क्रियेवर आधारलेली होती, आणि हिरडा हे तर या डोंगरांतील ओळखीचे वनोत्पादन. जुन्या बाकड्यावर खिळ्यांभोवती दिसणारे काळे वर्तुळ त्यामुळेच पडते. त्यात भर म्हणून गंजणारा खिळा फुगून लाकूड चिरतो. असे खिळे उपसून त्यांच्या जागी पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घालणे हा खर्च कधीही वाया जात नाही. पाइपच्या घडीच्या खुर्च्या बाहेरून नीट दिसल्या तरी आतून गंजतात, कारण पायाखालच्या रबरी टोपणात पाणी साचते; टोपण काढून पाइप वाळवणे आणि पाण्याला बाहेर पडण्यासाठी बारीक भोक ठेवणे एवढ्यानेही त्यांचे आयुष्य वाढते. गंज तारेच्या ब्रशने आणि काचकागदाने काढून रेड ऑक्साइड प्रायमर लावल्याखेरीज वरचा रंग धरत नाही. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पायांची बाकडी मात्र घरी ठोकू नयेत, कारण बीड वाकत नाही, ते तडकते, आणि त्याचे वेल्डिंग करण्यास तापवण्याची व निकेलच्या कांड्यांची सोय लागते. ओतकामासाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम जाणणारे कारागीर आहेत, ही या जिल्ह्यातील कुटुंबांना लाभलेली मोठी अनुकूलता आहे.

बाज ही या सामानातील घरातल्या सर्वांना सामावून घेणारी वस्तू आहे. तिची चौकट चार पायांत बसवलेल्या चार दांड्यांची असते, आणि विणकाम पूर्वी काथ्याच्या, अंबाडीच्या किंवा घायपाताच्या वाखाच्या दोरीचे असे, पुढे सुती नवार म्हणजे रुंद पट्टी आली आणि नंतर नायलॉन. जुन्या बाजेचे विणकाम तुटले तरी चौकट बहुधा चांगली असते. पायथ्याकडे सोडलेल्या मोकळ्या जागेतील दोरी अधूनमधून ओढून सैल पडलेले विणकाम ताणून घेण्याची जी सोय या वस्तूत आहे, ती तिच्या रचनेतील शहाणपणाचा उत्तम नमुना मानावी लागेल, कारण दुरुस्तीची तरतूद वस्तू घडवतानाच करून ठेवलेली आहे. विणताना एकाने दोरी पुरवावी, दुसऱ्याने ताण धरावा आणि तिसऱ्याने घर मोजावे लागते. लहान मुलाचा हात तेथे उपयोगी पडतो आणि आजीला विणीचा क्रम आठवत असेल तर सर्वांना तिच्या शब्दाप्रमाणे चालावे लागते. वेताच्या आणि बांबूच्या आसनांचे विणकाम बुरुडांचे कौशल्य आहे, आणि तुटलेल्या पट्ट्या बदलण्यापलीकडचे काम त्यांच्याकडे देणेच उचित.

लाकडावर अखेरचा लेप कोणता द्यावा याविषयी मतभेद आहेत. व्हार्निशचा जाड चकचकीत थर दुकानात देखणा दिसतो, परंतु उन्हाने तो तडकतो आणि तड्यांतून शिरलेले पाणी थराखाली अडकून लाकूड आतल्या आत काळे पडते. जवसाचे उकळलेले तेल लाकडात मुरते आणि दरवर्षी नव्याने लावता येते; त्याचा दोष असा, की जाड थर राहिला तर दमट हवेत त्यावर बुरशी धरते, म्हणून तेल पातळ लावून अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे लागते. हीच फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने ती आपोआप पेटू शकतात, यासाठी ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. कोकणात मासेमारीच्या होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल देण्याची पद्धत आहे आणि ते वाळवीला दूर ठेवते, परंतु त्याने त्वचेवर फोड येतात, त्यामुळे मुलांच्या हाती ते कदापि देऊ नये. पश्चिम शाहूवाडीसाठी दसऱ्यानंतर दरवर्षी एक पातळ हात तेलाचा, हाच मार्ग प्रस्तुत लेखकास सर्वांत विश्वासाचा वाटतो. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होतेच, तीच हत्यारे त्यानंतर या कामासाठी हाती घेता येतात.

कुटुंबाने मिळून काम करताना एका धोक्याकडे अत्यंत गांभीर्याने पाहिले पाहिजे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे कितीतरी अधिक असू शकते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमची इजा करते, आणि जुना रंग कोरडा घासल्यावर उडणारी धूळ हा ते शरीरात जाण्याचा सरळ रस्ता आहे. म्हणून जुना रंग पाणी लावून ओला घासावा, खाली प्लास्टिकचा कागद अंथरून सगळा लगदा गोळा करावा, तो परड्यात किंवा ओढ्यात टाकू नये, रंग आचेने जाळू नये, आणि हे काम संपेपर्यंत लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना तेथे येऊ देऊ नये. मुलांचा सहभाग त्यानंतर, उघड्या लाकडापासून सुरू व्हावा.

हा सहभाग कोणत्या परंपरेत बसतो, याचा विचार केल्यास एक लक्षणीय गोष्ट समोर येते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे, म्हणजे धान्याच्या वार्षिक मोबदल्यावर गावाची कामे करण्याच्या पद्धतीचे, जे चित्र आहे, त्यात सुताराचे मुख्य कर्तव्य शेतीची औते घडवणे आणि दुरुस्त करणे हे आहे. नांगर-कुळवाच्या तुलनेत अंगणातले बाकडे दुय्यम असल्याने त्याची किरकोळ दुरुस्ती घरातलीच माणसे करीत. ते हात आता घरात उरलेले नाहीत, कारण शाहूवाडीच्या अनेक कुटुंबांतील कर्ती पिढी गिरण्यांच्या काळापासून मुंबईला गेली आणि सुताराचा व्यवसायही प्लायवूड व यंत्रांकडे वळला. हाताच्या कामातून मुलांची बुद्धी घडते, हा विचार शिक्षणक्षेत्राला नवा नाही. फिनलंडने १८६६ मध्ये हस्तव्यवसाय लोकशाळांत आणला, स्वीडनमधील नेस येथे ऑटो सालोमन यांनी लाकूडकामातून शिक्षणाची ‘स्लॉइड’ पद्धत विकसित केली, १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत गांधीजींच्या नई तालीमने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले, आणि पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात ग्रामीण मुले प्रत्यक्ष उत्पादक कामातून शिकू लागली. यातील प्रत्येक प्रयोगाला शाळा आणि शिक्षक लागला. अंगणातल्या बाकड्याला नातवाच्या हाती रंधा देणारे आजोबा पुरतात, आणि रंधा उलट्या रेषेने मारला तर लाकूड उचकटते हे नातवाला पहिल्याच फटक्यात कळते.

मुंबईकर मंडळी गावी एकत्र येतात ती मे महिन्यात आणि गौरी-गणपतीला, म्हणजे सांधे जुळवण्याच्या दृष्टीने दोन्ही गैरसोयीच्या काळांत. यावर उपाय कामाची विभागणी हाच आहे: गणपतीत वस्तू पाहून निवडावी आणि पाऊस तिच्यात कोठून शिरतो हे प्रत्यक्ष गळतीवरून हेरावे, दिवाळीनंतर गावातल्या माणसांनी ती उघडून सावलीत वाळवावी, माघात सांधे पक्के करावेत, आणि बाजेचे विणकाम, घासकाम व रंग ही पुष्कळ हातांची कामे मे महिन्यासाठी राखून ठेवावीत. एका वर्षात एकच वस्तू हाती घेणे बरे.

प्रत्येक वस्तू वाचवलीच पाहिजे असा आग्रह येथे धरलेला नाही. भुशाने भरलेले, दाबल्यावर बोट आत जाणारे लाकूड, सांध्यापाशी गंजून कागदासारखा झालेला पाइप आणि उन्हाने ठिसूळ झालेली प्लास्टिकची खुर्ची यांवर श्रम करू नयेत. विशेषतः झोपाळ्याच्या कड्या, साखळ्या आणि वरची तुळई यांच्या बाबतीत तिळमात्र शंका असली तरी जाणत्या मेस्त्रीला दाखवल्यावाचून त्यावर कोणाला बसवू नये. त्याचबरोबर जे शाबूत आहे ते नव्यासारखे दिसावे म्हणून रंध्याने सोलून काढणेही अनुचित आहे. हात ठेवून ठेवून गुळगुळीत झालेली आरामखुर्चीची कड, आसनावर कोरलेली जुनी अक्षरे, मूळ सुताराच्या पटाशीच्या खुणा या वस्तूच्या इतिहासाचा भाग आहेत आणि एकदा घासल्या की परत येत नाहीत. नवा जोड दिला असेल तर तो लपवण्यासाठी गडद रंग फासण्यापेक्षा तो नीट बसवून उघडा ठेवावा, आणि बैठकीच्या खालच्या बाजूस पेन्सिलीने लाकडाची जात, वापरलेला गोंद, स्क्रूचा धातू आणि वर्ष लिहून ठेवावे, कारण पुढच्या वेळी तो सांधा उघडणाऱ्याला वाफ द्यावयाची की करवत घ्यावयाची, हे त्या एका ओळीवरून ठरवता येते.